आठ मिनिटांचा फरक

केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात दिवस पहाटे चारला सुरू होतो. आदल्या पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत, तुम्ही काय काय केलंत ते विचारून लिहून घेतात. हा तक्ता ज्यानं कुणी आखला त्याला आपल्याकडच्या बाईचा दिवस कधी उजाडतो हे ठाऊक असावं, असं मला उगाचच वाटत राहतं. (खरं कारण सोयीचं असणार. त्या वेळी बहुतेक माणसं झोपलेली असतात, दिवस तिथे तोडायला बरा.)

असं सर्वेक्षण 2019 मध्ये वर्षभर चाललं. स्वयंपाक, झाडलोट, धुणं, भांडी, बाजारहाट ही घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्या कामांत दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती. पुरुषाची 97 मिनिटं, तीही जो करतो त्याची. त्या दिवशी या कामांना हात लावलेले पुरुष शंभरात सव्वीसच होते. इथवर काही नवल नाही. मी अडकले ती शेजारच्या रकान्यांशी, जिथे गाव आणि शहर वेगळं करून दाखवलंय. गावातली बाई 301 मिनिटं, शहरातली 293.

फरक आठ मिनिटांचा.

गॅस, मिक्सर, धुण्याचं यंत्र, चोवीस तास पाणी, दळून आलेलं पीठ, दारात येणारा किराणा, या सगळ्याची वजाबाकी आठ मिनिटं? आणि शहरातला पुरुष 94 मिनिटं, गावातला 98. म्हणजे शिकूनसवरून, शहरात येऊन, आमचे लोक चार मिनिटांनी मागेच गेले.

आता यात एक मेख आहे, ती आधीच सांगते. पाणी भरणं, सरपण गोळा करणं, जनावरांचं करणं हे या 301 मिनिटांत धरलेलं नाही, त्याचा हिशोब वेगळ्या सदरात आहे. पोराबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं हेही निराळं. तेव्हा गावातल्या बाईचा दिवस शहरातल्या बाईपेक्षा आठच मिनिटांनी जड, असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ एवढाच, की जिथे यंत्रांनी आम्हाला सोडवायला हवं होतं, नेमकं तिथेच आम्ही सुटलेलो नाही.

माझी चुलत बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, माण तालुक्यात दिलेली आहे. सातारा जिल्ह्याचा हा दुष्काळी भाग. बाजरी, ज्वारी, मका, पाणी असेल त्याच्याकडे कांदा आणि डाळिंब. मी आक्काच्या दिवसाचा तक्ता भरायचं मनावर घेतलं, तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. पहिलाच प्रश्न विचारला, तू काय करतेस असं लिहू? ती म्हणाली, "मी काय करती? घरीच असती की." हे बोलतानाही हात चालूच होते.

घरीच असणारी आक्का साडेचारला उठते. दोन जर्शी गाया आहेत. शेण काढायचं, गोठा झाडायचा, वैरण टाकायची, धारा काढायच्या. दूध सहाच्या आत डेअरीवर पोचलं पाहिजे. ते पोचवायला दाजी मोटारसायकलवरून जातात, आणि डेअरीच्या पुस्तकावर नाव त्यांचं. दहा दिवसांनी निघणारं दुधाचं बिल त्यांच्याच खात्यावर जमा होतं. मी म्हटलं, धारा तर तू काढतेस. तर दाजीच म्हणाले, "मग घालतं कोण?"

गॅस आहे. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, त्यानंतर लवकरच आक्काकडेही शेगडी आली. ती चहाला आणि पाहुणे आले की वापरतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, कारण सिलिंडरला पैसे पडतात आणि काट्याकुट्या, तुराट्या, शेणी फुकट. फुकट म्हणजे त्या आक्काच्या वेळातून येतात. घरातल्या खर्चात तेवढं एकच नाणं आहे जे कुणी मोजत नाही, त्यामुळे ते सगळ्यात आधी खर्चलं जातं.

नळही आला. पूर्वी दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन आडावर जायचं, ते थांबलं, आणि यासाठी आक्का सरकारला मनापासून दुवा देते. तिच्या मानेचं दुखणं त्या हंड्यांचं आहे. फक्त नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशी कुणीतरी घरी थांबावं लागतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे लिहायला नको. पूर्वी ती पाण्याकडे जायची, आता पाण्याची वाट बघत बसते. तक्त्यात "वाट बघणं" कुठे लिहायचं हे मला कळेना.

मग रान. स्वतःचं असेल तेव्हा स्वतःचं, नसेल तेव्हा दुसऱ्याच्या खुरपणीला रोजानं. बायकांची हजेरी गड्यांच्या हजेरीपेक्षा कमी, हे सगळ्या शिवारात एकमतानं ठरलेलं आहे. कारण विचारलं तर सांगतात, गड्याचं काम जड. दिवसभर उकिडवं बसून, उन्हात, एक एक तण उपटत पुढे सरकणं हे हलकं काम. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एकदा अर्धी सरी खुरपून दाखवावी आणि मग उठून सरळ उभं राहून दाखवावं.

दुपारी बांधावर भाकरी खाल्ली की गडी झाडाखाली आडवे होतात. आक्का त्या वेळात गवत कापते. संध्याकाळी घरी येताना डोक्यावर भारा असतो.

देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ती कामकरी म्हणून धरली जाते हे खरं. 2023-24 च्या आकड्यांत पंधरा वर्षांवरच्या गावातल्या शंभर बायकांपैकी जवळपास 48 श्रमशक्तीत आहेत आणि शहरातल्या फक्त 28. हे वाचून माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना धक्का बसतो. त्यांच्या मनात कमावती बाई म्हणजे गळ्यात ओळखपत्र, पाठीला लॅपटॉप. प्रत्यक्षात गावातली बाई जास्त कामावर आहे, फक्त त्यातल्या पुष्कळ जणी घरच्याच शेतात, घरच्याच गोठ्यात बिनपगारी मदतनीस म्हणून मोजल्या जातात. मदतनीस हं. ज्याला मदत करायची तो डेअरीवर गप्पा मारत उभा असला तरी.

आता माझा तक्ता. मी पुण्यात, हिंजवडीच्या बाजूला राहते आणि एका कंपनीत नोकरी करते. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीमुळे मला बाळंतपणात 26 आठवडे भरपगारी रजा मिळाली. आक्काला दोन्ही बाळंतपणांत मिळाली ती माहेरची सव्वा महिन्याची, आणि तीसुद्धा आजी खमकी होती म्हणून. हा फरक आठ मिनिटांचा नाही, फार मोठा आहे, आणि मी तो विसरत नाही. माझं खातं माझं आहे. घर घेताना कागदावर माझंही नाव लागलं. रात्री नऊला एकटी रिक्षानं घरी आले तर कुणी विचारत नाही.

तरीही त्या 293 मिनिटांचं काय?

आमच्या घरात धुण्याचं यंत्र आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता तुला काही काम राहिलं नाही. पूर्वी त्यांच्या घरी चादरी महिन्यातून एकदा निघायच्या, आता दर आठवड्याला निघतात. मुलाच्या शाळेचा गणवेश तीन प्रकारचा आहे. पूर्वी डब्यात पोळी-भाजी नाहीतर पोळी-लोणचं असायचं. आता शाळेनं डब्याचं वेळापत्रकच पाठवलंय, सोमवारी पराठा, मंगळवारी उसळ, बुधवारी काहीतरी "हेल्दी". मिक्सर होता म्हणून घरात इडली-डोसा आठवड्यातून दोनदा होऊ लागला. यंत्रानं काम सोपं केलं, आणि सोपं झालं म्हणून घरानं जास्त मागितलं. मागणाऱ्यांत मी नव्हते असं नाही. मलाही चादर स्वच्छ आवडते.

शाळेच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव "पालक" आहे आणि त्यात सगळ्या आया आहेत. रात्री साडेनऊला निरोप येतो की उद्या मुलांना थर्माकोलचा किल्ला न्यायचाय. घरात रवा संपत आला, गॅसचा नंबर लावायचाय, सासऱ्यांच्या गोळ्या गुरुवारपर्यंत पुरतील, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस, हे सगळं मी मीटिंगमध्ये बसून लक्षात ठेवत असते. नवरा चांगला आहे. तो म्हणतो, "तू फक्त सांगत जा, मी करतो." हे वाक्य आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक घरात, त्याच सुरात, कुणीतरी म्हणत असतं. सांगणं हे काम आहे, हे त्याला पटवायलाही वेळ लागतो, आणि तो वेळही माझाच.

आमची आजी जात्यावर दळायची. पहाटे घरघर सुरू व्हायची आणि तिच्याबरोबर ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, पायली-पायली दळताना, स्वतःबद्दल, आईबद्दल, नवऱ्याच्या माराबद्दल, विठ्ठलाबद्दल बायका बोलत होत्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, दंड दुखायचे थांबले. मला जातं परत नको. ज्यांना गावाकडचं सगळं गोड वाटतं त्यांना मी एक शेर नाचणी दळायला देईन. पण दळणातून वाचलेल्या त्या पहाटेचं पुढे काय झालं, हे विचारल्यावाचून राहवत नाही. आजीच्या सुनांना ती पहाट झोपायला मिळाली का? नाही. त्या धारा काढायला लागल्या, कारण तेवढ्यात गावात डेअरी सुरू झाली होती.

माझ्या दिवसात जी थोडी सवड आहे, ती नवऱ्यानं दिलेली नाही की यंत्रानंही नाही. ती मावशींनी दिली आहे. मावशी मूळच्या लातूरकडच्या. दुष्काळात नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या, तो बांधकामावर, या घरकामाला. आमच्या इमारतीत सहा घरी भांडी, लादी, दोन घरी स्वयंपाक. त्यांचाही दिवस साडेचारला सुरू होतो, कारण वस्तीतल्या सार्वजनिक नळाला पाणी पहाटे येतं. आमच्या सहा घरांची कामं करून त्या घरी जातात आणि तिथे पुन्हा भांडी, लादी, स्वयंपाक. गाव की शहर, असा रकाना मावशींसाठी भरायचा झाला तर दोन्हीकडे खूण करावी लागेल.

मागच्या वर्षी त्यांनी रविवारची सुट्टी मागितली. सोसायटीच्या बायकांच्या गटावर त्या संध्याकाळी जेवढी एकजूट दिसली तेवढी पाणीकपातीच्या वेळीही दिसली नव्हती. "एकीनं दिली की सगळ्यांना द्यावी लागेल." "रविवारीच तर पाहुणे असतात." "मला पण ऑफिसला जायचं असतं, माझा विचार कोण करतं?" हे शेवटचं वाक्य लिहिणारी बाई खोटं बोलत नव्हती. तिचा विचार खरंच कुणी करत नाही. पण तिनं तो आपल्या नवऱ्याला विचारायचा सोडून मावशींना विचारला, कारण मावशींना विचारता येतो. याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता, आणि पगारवाढीबरोबर हक्काची रजा ही त्यांची मागणी होती. त्या वेळच्या मालकिणींच्या मुली-सुना आता गटावर आहेत. शेवटी चार घरांनी रविवार दिला, आमचं त्यातलं एक. दोघींनी दुसरी बाई लावली.

वेळेचा हा हिशोब सगळ्यात निर्दय कुठे होत असेल तर उसाच्या फडात. माण, बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागातून टोळ्या निघतात, गाळपाचा हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर दोन, कोयता एक, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, मग फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. रात्री-अपरात्री गाडी आली तर उठून भरायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीचे दिवस, पोटातलं दुखणं, अंगावरून जाणं, हे सगळे खाडेच. बीड जिल्ह्यात कितीतरी ऊसतोड बायकांनी ऐन तारुण्यात गर्भाशयं काढून टाकली, हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वाचणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, डॉक्टरांना शिव्या घातल्या, बायकांच्या अज्ञानाबद्दल बोललं गेलं. अज्ञान कसलं? महिन्याचे ते चार दिवस कुणीच त्यांना देत नव्हतं. उचल फेडायची होती. बाईनं आपल्याजवळचं जे कापता येईल ते कापलं. त्याच वर्षी आमच्या कंपनीत पाळीच्या दिवसांत घरून काम करू द्यावं का, यावर एक चर्चासत्र झालं, मागे फळांचा रस ठेवला होता. मी त्या चर्चासत्राची चेष्टा करत नाही. ते व्हायलाच हवं. मात्र त्या मागणीला फडापर्यंत पोचणारी वाट अजून कुणी काढलेली नाही.

सगळंच असं अडलेलं नाही. आक्काच्याच माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. पहिल्यांदा परवान्याचा अर्ज गेला तेव्हा सभासद बायका निरक्षर, अंगठे लावणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. मग त्या बायका लिहावाचायला शिकायच्या वर्गात बसल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कागदाशिवाय करायला सांगा, असं त्यांनी तिथे ऐकवलं. मला याहून महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. बायकांना बँकेत यायला वेळ नाही, आल्या तर रोज बुडतो, हे ओळखून बँकेनं माणसं बाजारात आणि दारात पाठवली. कुणीतरी एकदा बाईचा वेळ पैशाइतका खरा धरला.

आणि एसटी. मार्च 2023 पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. आक्काच्या आयुष्यात त्यानं मोठी उलथापालथ केली, फक्त सरकारला अपेक्षित होती तशी नव्हे. दाजी म्हणू लागले, "तुला अर्धं तिकीट हाय, तूच जा." बँकेत केवायसी, दहिवडीला तहसील कचेरीत दाखला, दवाखान्यातून सासूची औषधं, नात्यातला दहावा-तेरावा, लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी आधार जोडणं. बाहेरची जी कामं पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची होती, ती निम्म्या तिकिटापायी आक्काकडे सरकली, आतली एकही तिच्याकडून सरकली नाही. मी रागानं काही बोलणार, तर आक्का हसायला लागली. तिला एसटी आवडते. खिडकीशी बसते, दीड तास कुणी हाक मारत नाही. दहिवडीच्या कचेरीत कोणत्या टेबलाला काय लागतं ते तिला आता दाजींपेक्षा जास्त कळतं. गेल्या उन्हाळ्यात जमिनीच्या मोजणीचा वाद निघाला, तेव्हा भावकीच्या बैठकीत दाजी मध्येच थांबून तिच्याकडे बघत होते, कागद कुठला ते विचारायला. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून नाही. मात्र सातबारा कुठे मिळतो, फेरफार कसा होतो, वारसनोंदीला काय लागतं हे तिनं विचारून ठेवलंय. कशासाठी, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मोर्चा काढला. फेटे, मुंडावळ्या, कुणी घोड्यावर, कलेक्टर कचेरीवर जाऊन मागणी, आम्हाला मुली मिळवून द्या. वर्तमानपत्रांनी मुलींची घटलेली संख्या दाखवली, आणि ती खरीच आहे. गर्भात मारलेल्या मुलींचा हिशोब कधीतरी दारात येणारच होता. पण ज्या मुली जगल्या, वाढल्या, बारावी-पंधरावी झाल्या, त्या शेतकरी स्थळाला नाही म्हणतात, यामागे शहराची हौस आहे, असं जे भाषणांत सांगतात ते मला पटत नाही. या मुलींनी आयांना रोज साडेचारला उठताना पाहिलंय. त्यांना कुठलं सर्वेक्षण वाचायची गरज नाही.

आक्कानं स्वतःच्या मुलीच्या बाबतीत ठणकावून सांगितलंय, "शेतकऱ्याला न्हाय द्यायची." मुलगी चाकणला एका कारखान्यात लागली आहे, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मुलगा मात्र गावी, शेती आणि गाया बघतो, त्याच्यासाठी तीन वर्षं स्थळं चालू आहेत. तिथे आक्काची अट वेगळी आहे. मुलगी कामाची हवी, रानात येणारी, गुराढोरांची सवय असलेली. मी म्हटलं, आक्का, अगं अशी मुलगी तुझ्यासारख्याच कुठल्यातरी बाईच्या पोटची असणार, आणि ती बाईही ठणकावून सांगत असणार. आक्का म्हणाली, "ते कळतंय गं मला. पण माझ्यानं आता धारा हुत न्हाईत, गुडघं गेलं. मग काढायच्या कुणी?"

तिच्या मुलीनं यावर फोनवरून एक तोडगा सुचवला. धार काढायचं यंत्र घ्या आणि दादाला शिकवा. दाजींना यंत्र पटलं, अनुदान मिळतं का ते बघायला त्यांनी आक्कालाच दहिवडीला पाठवलंय. दादाला शिकवण्याबद्दल घरात अजून बोलणी चालू आहेत.